बॅटरीचं ड्रिल घेताय? आधी भिंत बघा, मग बॅटरी

नव्या घरांचे ताबे आणि ऑनलाइन सेल एकाच वेळी आले की आमच्याकडे ड्रिलची पत्रं वाढतात. या वेळी ठाणे आणि नवी मुंबईहून आलेल्या पत्रांपैकी निवडक घेतली आहेत. नावं वगळून फक्त ठिकाणं ठेवली आहेत. वायरवाल्या मशीनबद्दलचे प्रश्न पुढच्या अंकात.

प्रश्न : घोडबंदर रोडला नव्या टॉवरमध्ये ताबा मिळाला आहे. पडद्यांचे ब्रॅकेट, टीव्ही, स्वयंपाकघरातल्या फळ्या ही कामं घरच्या घरी करायची आहेत. ऑनलाइन '४८ व्होल्ट'चा संच दोन बॅटऱ्यांसह स्वस्तात दिसतो. स्टेशनजवळच्या दुकानदाराने मात्र १८ व्होल्ट, २ एएचचं मशीन एका बॅटरीसह दुपटीहून जास्त किमतीला दाखवलं. ४८ सोडून १८ का घ्यायचं? आणि बॅटरी पुरेल ना?
— कासारवडवली, ठाणे

उत्तर : खोक्यावरचा ४८ हा आकडा सोडून द्या. लिथियम-आयन सेलचं सरासरी व्होल्टेज ३.६ असतं आणि पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२. असे पाच सेल एकामागे एक जोडले की १८ व्होल्ट होतात. त्याच पाच सेलांचं व्होल्टेज चार्जरवरून काढल्या काढल्या मोजलं तर २१ भरतं. म्हणून सारख्याच पॅकवर कोणी १८ लिहितो, कोणी '२० व्होल्ट मॅक्स', कोणी २१. '१२ व्होल्ट मॅक्स' म्हणजे तीन सेल, सरासरी १०.८ व्होल्ट. खरोखरचे ४८ व्होल्ट हवे असतील तर तेरा सेल लागतील, आणि ते मुठीएवढ्या डबीत मावत नाहीत.

आत किती सेल आहेत हे चार्जर सांगतो. त्याच्या लेबलवर 'आउटपुट' पुढे १२.६ व्होल्ट असेल तर तीन सेल, १६.८ असेल तर चार, २१ असेल तर पाच. खोक्यावर काहीही छापलं तरी चार्जरला खोटं बोलून चालत नाही, कारण चुकीच्या व्होल्टेजने सेल चार्जच होणार नाहीत किंवा पेटतील. ऑनलाइन पानावर चार्जरचा फोटो मोठा करून बघा. फोटोच नसेल तर समजून जा.

आता साठा. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर, म्हणजे दुकानातलं 'एएच', हा हिशेब वॉट-अवरमध्ये येतो. १८ व्होल्ट गुणिले २ एएच म्हणजे ३६ वॉट-अवर. स्वस्त संचाच्या चार्जरवर १२.६ निघालं आणि बॅटरी १.५ एएचची असली, तर १०.८ गुणिले १.५ म्हणजे १६.२. अशा दोन बॅटऱ्या मिळून ३२.४. दुकानदाराच्या एका बॅटरीपेक्षाही कमी! काही खोक्यांवर ७५०० एमएएच, म्हणजे ७.५ एएच, असा भारी आकडा दिसतो. तो बहुतेक वेळा १५०० चे पाच सेल बेरीज करून काढलेला असतो. एकामागे एक जोडल्यावर व्होल्टेज वाढतं, एएच तेवढेच राहतात.

हे झालं बॅटरीचं, पण तुमच्या बाबतीत भिंत जास्त महत्त्वाची आहे. घोडबंदर रोड, कोलशेत, बाळकुम भागातल्या अनेक नव्या टॉवरमध्ये मायवान शटरिंगचं काम असतं. ॲल्युमिनियमचे साचे उभे करून भिंती आणि स्लॅब काँक्रीटने एकदमच भरले जातात. अशा घरात वीट जवळपास नसतेच. हात घालण्याआधी पलंगामागे किंवा कपाटामागे झाकली जाईल अशा जागी ६ मिमीच्या बिटने एक भोक पाडा. वरचा गिलावा असला तर त्याची पहिली दहा-पंधरा मिलिमीटर भुकटी मोजू नका, त्याच्या पुढची बघा. लाल आली तर वीट. पांढरट, हलकी आणि बिट सरसर गेलं तर एएसी ब्लॉक, ज्याला मिस्त्री सिपोरेक्स म्हणतात. करडी, पिठासारखी बारीक आली आणि बिट पुढे सरकायला तयार नसलं तर काँक्रीट.

बॅटरीच्या साध्या ड्रिलवर हातोडीचं चिन्ह असतं खरं, पण त्याच्या आत दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासून खडखड करतात, एवढीच ती हातोडी. ठोक्याचा जोर तुमच्या हाताच्या रेट्यावर अवलंबून. विटेला तो पुरतो. काँक्रीटमध्ये मात्र एकेका भोकाला मिनिट मिनिट लागतं, मोटर तापते आणि बॅटरीचा दिवा एकेक करून विझतो. काँक्रीटला रोटरी हॅमर लागतो. त्याच्यात दट्ट्या हवेच्या दाबाने ठोका मारतो आणि बिट एसडीएस खाच्यांचं असतं. त्याला जोराने दाबावंही लागत नाही, नुसतं सरळ धरायचं.

तेव्हा भुकटी करडी निघाली तर असं करा. सगळ्या भोकांच्या जागा पेन्सिलने आखून घ्या, हार्डवेअरच्या दुकानातून वायरवाला छोटा रोटरी हॅमर एका दिवसासाठी भाड्याने आणा आणि सगळी भोकं एकदाच उरका. पडद्याच्या ब्रॅकेटला ६ मिमीचं, ३५ ते ४० मिमी खोल भोक आणि प्लॅस्टिकची गिट्टी पुरते. टीव्हीला ८ किंवा १० मिमी, स्टँडसोबत आलेला बोल्ट बघून ठरवा. स्विचबोर्डच्या सरळ वर, खाली आणि त्याच पातळीत आडवं भोक पाडू नका. मायवानच्या भिंतीत वायरींचे पाइप काँक्रीटमध्येच गाडलेले असतात. ताब्याच्या कागदांत वायरिंगचा नकाशा नसेल तर बिल्डरकडून मागून घ्या.

आणि १८ व्होल्ट, २ एएच घ्याच. स्क्रू, प्लाय, ट्रॉलीचे बिजागर, सोसायटीतल्या किरकोळ दुरुस्त्या यांना एक बॅटरी भरपूर होते. पैसे उरले तर दुसरी बॅटरी त्याच कंपनीची घ्या. ऐंशी नगांच्या ॲक्सेसरी संचाला भुलू नका, त्यातली बिटं भिंतीत गेली की वाकतात.

प्रश्न : आमचं सिडकोचं जुनं घर, भिंती विटांच्या. चांगल्या कंपनीचं १८ व्होल्ट, २ एएचचं नवं ड्रिल आहे. पूर्ण चार्ज केल्यावर भिंतीत आठ-दहा भोकं पडली की बॅटरी संपते. दुकानदार म्हणतो, "बॅटरी ठीक आहे, तुम्हीच जास्त वापरता." बॅटरी बदलून मागावी का?
— नेरूळ, नवी मुंबई

उत्तर : दुकानदार बॅटरीबद्दल बहुधा बरोबर आहे, वापराबद्दल नाही. हिशेब करून बघू. पॅकमध्ये ३६ वॉट-अवर, त्यातले हाताशी येणारे तीसेक. दहा भोकांत संपले म्हणजे भोकामागे ३ वॉट-अवर. मशीन भिंतीत साधारण २०० वॉट ओढतंय असं धरलं तर एका भोकाला ५४ सेकंद मोटर फिरतेय. विटेच्या भिंतीत ६ मिमीचं भोक दहा-पंधरा सेकंदांत व्हायला हवं. राहिलेली चाळीस सेकंदं बिट नुसतं घासतंय.

कारणं या क्रमाने तपासा.

सगळ्यात आधी फिरण्याची दिशा. ट्रिगरच्या वरचं आडवं बटण उलट बाजूला असेल तर मशीन स्क्रू काढायच्या दिशेने फिरतं आणि भोक तरीही थोडंथोडं पडत राहतं. हसू नका, अशी बरीच पत्रं येतात.

मग बिट. भिंतीच्या बिटाच्या टोकाला करड्या रंगाची कार्बाइडची पट्टी डाखलेली असते. नव्या बिटात ही पट्टी दांडीपेक्षा किंचित रुंद असते, म्हणून दांडी भोकात मोकळी फिरते. पट्टीच्या दोन्ही कडांवरून नख फिरवा. नख अडलं पाहिजे. कडा गोल लागल्या, किंवा पट्टी आणि दांडी एकाच रुंदीच्या दिसल्या, तर दांडी भिंतीला घासून बॅटरी खातेय. टोकाजवळ निळसर झाक आली असेल तर बिट तापून गेलं आहे आणि डाख सैल झाला आहे. ते टाकून द्या. लाकडाचं किंवा लोखंडाचं बिट भिंतीला लावलं असेल तर ते पहिल्याच भोकात गेलं, पुढची भोकं तुम्ही बॅटरीच्या जिवावर पाडलीत.

तिसरं, गिअर. वरच्या सरकत्या बटणावर १ आणि २ असतात. भिंतीत ६ मिमीच्या भोकासाठी २ आणि हॅमर चालू. १० मिमीच्या पुढे किंवा लाकडात होल-सॉ, म्हणजे मोठं गोल भोक कापणारी दातेरी वाटी, लावायचा असेल तर १. दोनवर ठेवून मोठं भोक पाडायला गेलात की मोटर अडखळते, आणि अडलेली मोटर फिरत्या मोटरीच्या कितीतरी पट करंट ओढते.

चौथं, भुकटी. दर दहा-पंधरा मिलिमीटरला बिट फिरत्या अवस्थेतच बाहेर ओढा. भोकात भुकटी दाटली की बिट तिच्यातच अडकून फिरतं.

एवढं करूनही तेच झालं तर बॅटरीची परीक्षा लाकडात घ्या. १८ मिमी प्लायमध्ये नव्या बिटाने भोकं पाडत जा. तिथे मशीन जोमात चालत राहिलं तर बॅटरी निर्दोष. तिथेही चटकन दम तोडला तर बिल घेऊन सर्व्हिस सेंटरला जा. बॅटरीची वॉरंटी बऱ्याचदा मशीनपेक्षा कमी मुदतीची असते, तारीख आधी बघा. आणखी एक शक्यता म्हणजे नेमकी ती भोकं बीममध्ये किंवा खिडकीवरच्या लिंटेलमध्ये पाडत असाल. जुन्या घरात भिंत विटेची असली तरी पडदा जिथे लागतो तिथे काँक्रीटच असतं.

प्रश्न : ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडक्या बसवायचं काम आहे. दोन मुलं दिवसभर साइटवर असतात, बऱ्याच ठिकाणी तात्पुरती लाइट असते किंवा नसते. २ एएचच्या चार बॅटऱ्या घ्याव्या की ५ एएचच्या दोन? ब्रशलेसचे जास्तीचे पैसे वसूल होतात का?
— वागळे इस्टेट, ठाणे

उत्तर : रोजच्या कामाला ब्रशलेसच घ्या, त्यात दुमत नको. ब्रशच्या मोटरीत कार्बन घासतात, ठिणग्या उडतात आणि विजेचा काही भाग तिथेच उष्णतेत जातो. ब्रशलेसमध्ये तेवढ्याच बॅटरीवर जास्त काम होतं आणि कार्बन झिजून साइटवर मशीन बंद पडायची कटकट राहत नाही. ॲल्युमिनियमचा बारीक चुराही ब्रशच्या मोटरीत जास्त त्रास देतो.

बॅटरीचं गणित असं. कामाच्या भरात १८ व्होल्टचं ड्रिल २० अँपिअर ओढतं असं धरा. २ एएचचा पॅक त्या हिशेबाने सलग ६ मिनिटं चालेल, ५ एएचचा १५ मिनिटं. सलग म्हणजे ट्रिगर दाबलेला वेळ. माप घेणं, फ्रेम धरणं, चहा यात तो तासा-दोन तासांत पसरतो. पण फरक मिनिटांपुरता नाही. २ एएचच्या पॅकमध्ये पाच सेल एका रांगेत असतात आणि प्रत्येकातून पूर्ण २० अँपिअर जातात. ४ किंवा ५ एएचच्या पॅकमध्ये सहसा दहा सेल, दोन समांतर रांगांत, म्हणून प्रत्येकावर १० अँपिअर. करंट निम्मा झाला की सेलमधली उष्णता चौथ्या हिश्श्यावर येते. भर कामात व्होल्टेज फारसं उतरत नाही, मशीनचा आवाज बसत नाही, आणि पॅक वर्षानुवर्षं टिकतो. जड कामाला छोटा पॅक लावून रोज तापवला की तो लवकर म्हातारा होतो, मग चार पॅकचा फायदा कुठे राहिला?

तुम्हाला आमचा सल्ला : एका मशीनमागे ४ किंवा ५ एएचचे दोन पॅक, आणि एक २ एएचचा, शिडीवर चढून डोक्यावर स्क्रू मारायच्या वेळेसाठी. मोठा पॅक सहाशे ग्रॅमच्या आसपास भरतो, हात वर धरला की ते वजन जाणवतं. फ्रेमचे अँकर काँक्रीटमध्ये जात असतील तर त्याच बॅटरीवर चालणारा एसडीएस रोटरी हॅमर वेगळा घ्या, आणि त्याला २ एएच लावूच नका.

चार्जरकडे लोक बघत नाहीत. संचासोबत येणारा चार्जर पुष्कळदा २ अँपिअरच्या आसपासचा असतो. ५ एएच भागिले २ म्हणजे अडीच तास, वर शेवटचा हळू टप्पा धरून तीन. ६ अँपिअरचा जलद चार्जर तेच काम तासाभरात करतो. तुमच्या साइटवर लाइट येऊनजाऊन असते, म्हणजे जेवणाच्या सुट्टीत पॅक भरला पाहिजे. एका जादा बॅटरीऐवजी आधी जलद चार्जर घ्या. छोट्या २ एएचच्या पॅकला मात्र रोज जलद चार्जर लावायची गरज नाही, तो साध्यावर भरू द्या.

एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली किंवा उभ्या टेम्पोत बॅटरी ठेवू नका. बहुतेक चार्जर ४५ अंशांच्या वर चार्जिंग सुरूच करत नाहीत, दिवा लुकलुकत राहतो आणि मुलं समजतात चार्जर बिघडला. भर कामातून काढलेली बॅटरी वीस मिनिटं सावलीत, पंख्याखाली ठेवा, मग लावा. फ्रिजमध्ये ठेवायची युक्ती कोणी सांगितली तर ऐकू नका. बाहेर काढल्यावर आत दव धरतं.

एक शेवटचं, कंपनी ठरवताना पुढची पाच वर्षं डोळ्यापुढे ठेवा. बॅटरी एका कंपनीची घेतली की कटर, ग्राइंडर, ब्लोअर सगळं तिथलंच घ्यावं लागतं. एकाच कंपनीतही सगळं जुळत नाही. बॉशच्या हिरव्या मशीनची १८ व्होल्ट बॅटरी निळ्याला बसत नाही. मकिताच्या एलएक्सटी आणि जी मालिकेच्या बॅटऱ्याही वेगळ्या. दुकानातच लावून बघा.

प्रश्न : जावयांनी दिलेलं ड्रिल वर्षभर माळ्यावर होतं. आता चार्जरला लावलं की लाल दिवा भरभर लुकलुकतो, चार्ज होत नाही. यूट्यूबवर दुसऱ्या बॅटरीला वायरने जोडून 'जागी' करायची पद्धत दाखवतात. करून बघू का?
— ऐरोली, नवी मुंबई

उत्तर : नका करू. आधी बॅटरीच्या पट्ट्या स्पिरिट लावलेल्या कापसाने पुसा. पावसाळ्यात माळ्यावर पट्ट्यांवर थर बसतो आणि कधीकधी एवढ्यानेच काम होतं. नाही झालं तर मल्टिमीटरने प्लस आणि मायनसमधलं व्होल्टेज मोजा. १८ व्होल्टच्या पॅकवर १५ च्या पुढे आलं तर सेल शाबूत आहेत, दोष चार्जरमध्ये किंवा आतल्या सर्किटमध्ये, सर्व्हिस सेंटरला दाखवा. १२.५ च्या खाली म्हणजे सेल सरासरी अडीच व्होल्टच्या खाली गेले. चार्जर नकार देतो तो याचसाठी.

इतक्या खाली पडून राहिलेल्या सेलमध्ये आतल्या तांब्याच्या पापुद्र्याचं तांबं विरघळू लागतं. बाहेरून जबरदस्तीने चार्ज केलं की ते तांबं भलत्याच जागी जमतं आणि सेल आतल्या आत शॉर्ट होतो. तो आज चालेल, पण पुढच्या महिन्यात चार्जरवर असताना पेटू शकतो. तीही रात्रीची वेळ असेल.

नवी बॅटरी आणलीत तर ठेवताना मशीनमधून काढून ठेवा. चार दिव्यांपैकी दोन पेटतील इतकी भरलेली, कोरड्या डब्यात, दर तीन महिन्यांनी एकदा बघायची. पूर्ण भरून ठेवणं चांगलं असं वाटतं, पण आपल्याकडच्या उकाड्यात भरलेली बॅटरी उलट लवकर खराब होते.

प्रश्न : त्याच कंपनीच्या नावाची '६ एएच' बॅटरी ऑनलाइन निम्म्या किमतीत मिळते. खरी की डुप्लिकेट, कसं ओळखावं?
— कोपरी, ठाणे पूर्व

उत्तर : स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा. १८ मिमी जाड, ६५ मिमी लांब असा जो नेहमीचा सेल असतो तो साधारण ४५ ग्रॅमचा. पाच सेल २२५ ग्रॅम, दहा सेल ४५० ग्रॅम, वर कवच आणि सर्किट. ६ एएच म्हटल्यावर आत दहा सेल हवेतच, म्हणजे पॅक सहाशेच्या आसपास भरला पाहिजे. साडेतीनशे-चारशे भरला तर आत पाचच सेल आहेत, आणि त्या आकाराचा कोणताही सेल ६ एएच देत नाही. चांगल्यातला चांगला साडेतीनच्या आसपास थांबतो, आणि तोही ड्रिलसारखा भडक करंट सोसणारा नसतो.

दुसरी खूण बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची. लिथियम पॅकवर आयएस १६०४६ आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक छापलेला असावा. 'बीआयएस केअर' ॲपमध्ये तो क्रमांक टाकला की कोणत्या कंपनीच्या नावावर आहे ते दिसतं. भलत्याच कंपनीचं नाव आलं तर परत पाठवा. वजन जुळलं, क्रमांक जुळला, तरी किंमत निम्मी असेल तर बिलावर विक्रेत्याचं नाव आणि वॉरंटी कोण देणार हे वाचून मगच ठेवा.

प्रश्न : जुन्या पॅकमध्ये नवे सेल टाकून देतो असं दुरुस्तीवाला म्हणतो. निम्म्यात काम होतं. टाकून घ्यावे का?
— तुर्भे, नवी मुंबई

उत्तर : कोणते सेल आणि कसे जोडणार, या दोन प्रश्नांची उत्तरं पटली तर. ड्रिलला भडक करंटचे सेल लागतात, म्हणजे सलग २० अँपिअर देणारे, उदाहरणार्थ सॅमसंगचा २५आर, २५०० एमएएचचा. लॅपटॉपच्या किंवा पॉवरबँकच्या पॅकमधून काढलेला सेल पाचेक अँपिअरला तापतो. एमएएचचा आकडा मोठा दिसतो म्हणून तोच टाकतात, आणि मशीन पहिल्या जोराला बंद पडतं. जोडणी निकेलच्या पट्टीने, स्पॉट वेल्डिंग करून. सेलवर सरळ सोल्डर लावणारा दिसला तर पॅक परत घ्या, त्या उष्णतेने आतली सील आणि पडदा दोन्ही बिघडतात. पाचही सेल एकाच कंपनीचे, एकाच लॉटचे, बसवण्याआधी सारख्या व्होल्टेजवर आणलेले हवेत. एक बदलून चार जुने ठेवले तर सगळ्यात कमजोर सेल आधी रिकामा होतो आणि पॅक त्याच्याबरोबर बंद. काही कंपन्यांचं सर्किट आधीच लॉक झालेलं असतं, मग नवे सेल टाकूनही चार्जर ओळखत नाही. हे त्याला आधीच विचारा.

प्रश्न : मी एकटी राहते. फर्निचर जोडणं, फोटो लावणं, बाल्कनीत कुंड्यांचे हूक, एवढंच. १८ व्होल्ट जड वाटतं. ३.६ व्होल्टचा स्क्रूड्रायव्हर चालेल का?
— सीबीडी बेलापूर, नवी मुंबई

उत्तर : फर्निचरला चालेल, भिंतीला नाही. त्यात एकच सेल असतो. तुम्ही '१२ व्होल्ट मॅक्स', २ एएच, हॅमर असलेलं मॉडेल बघा. २१.६ वॉट-अवर, हातात हलकं, आणि विटेच्या भिंतीत ६ मिमीची भोकं सहज. दुकानात बॅटरी लावून हात सरळ पुढे धरा आणि मिनिटभर तसाच ठेवा. मनगट कुरकुरलं तर दुसरं बघा. फर्निचरचे स्क्रू मारताना क्लचची चकती लहान आकड्यावर, तीन-चारवर सुरू करून एकेक वाढवत न्या, म्हणजे पार्टिकल बोर्डात स्क्रू फिरून भोक सैल होणार नाही. टाइलवर भोक पाडायचं असेल तर हॅमर बंद, वेग कमी, टाइलचं बिट, आणि मध्ये मध्ये पाण्याचा फवारा.

प्रश्न : वडिलांचं १४.४ व्होल्टचं जुनं ड्रिल आहे, बॅटरीवर एनआय-सीडी लिहिलंय. पूर्ण संपवूनच चार्ज करावं, असं ते म्हणतात. नव्यालाही तेच लागू का?
— कळवा, ठाणे

उत्तर : वडील त्यांच्या बॅटरीबद्दल बरोबर आहेत. निकेल-कॅडमियमच्या सेलला अर्धवट चार्जची सवय लागते. लिथियमला ती नाही, उलट पार संपवणं तिला बाधतं. मशीनचा जोर उतरला की काढा, चार्ज करा. जुना चार्जर लिथियमला कधीही लावू नका, दोघांची चार्ज थांबवायची रीत वेगळी आहे. त्या जुन्या मशीनला नवा पॅक शोधण्यात पैसे घालू नका.

प्रश्न : फुगलेली जुनी बॅटरी घरात आहे. कचऱ्यात टाकली तर चालेल?
— उलवे, नवी मुंबई

उत्तर : नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती घरच्या कचऱ्यात मिसळायची नाही, आणि जुन्या बॅटऱ्या परत गोळा करायची जबाबदारी उत्पादकावर आहे. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन करून विचारा, किंवा नोंदणीकृत ई-कचरा केंद्रात द्या. तोवर दाबू नका, टोचू नका, चार्जरला लावू नका. दोन्ही टर्मिनलवर चिकटपट्टी लावून कोरडी वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यात, पडद्यांपासून आणि गॅसपासून लांब, बाल्कनीत सावलीला ठेवा.